नव्या मोटारींच्या तुलनेचे निकष : मूल्य, गुणवत्ता आणि वितरकसेवा यांची एक चिकित्सा

प्रस्तावना

भारतीय मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यात घराखालोखाल मोठी खरेदी मोटारीची असते. ती बहुधा कर्ज काढून केली जाते आणि तिचे परिणाम पुढील आठ-दहा वर्षे भोगावे लागतात. त्यामुळे 'कोणत्या कंपनीची गाडी घ्यावी?' हा प्रश्न वरवर घरगुती वाटला, तरी त्यामागे अर्थशास्त्र, व्यवस्थापनशास्त्र आणि ग्राहकहक्क या तिन्हींचे धागे गुंतलेले आहेत.

हा प्रश्न भारतात फार जुना नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात येईपर्यंत सर्वसाधारण ग्राहकापुढे अ‍ॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी असे दोनच प्रमुख पर्याय होते आणि त्यांसाठीही नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. टंचाईच्या काळात तुलनेला अर्थ नसतो. १९९८ साली सँट्रो, मॅटिझ आणि इंडिका या तीन लहान मोटारी काही महिन्यांच्या अंतराने अवतरल्या आणि ग्राहक प्रथमच खऱ्या अर्थाने निवड करू लागला. त्याबरोबरच मोटारींच्या तौलनिक परीक्षणाचा एक लेखनप्रकार रूढ झाला. वृत्तपत्रांच्या पुरवण्या, वाहनविषयक मासिके, दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम आणि बाजारसर्वेक्षणे या सर्वांनी त्याला एक ठरावीक साचा दिला. मूल्य, गुणवत्ता व सेवा असे तीन रकाने, प्रत्येकात गुण, खाली बेरीज आणि शेवटी विजेत्याचे नाव, असा हा साचा आहे.

कोणती कंपनी श्रेष्ठ हे ठरविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. उपरोक्त साच्याची चिकित्सा करणे, तो ग्राहकाला काय दाखवितो व त्याच्यापासून काय झाकतो याचा शोध घेणे, एवढीच या विवेचनाची मर्यादा आहे. हे तीन निकष परस्परांपासून स्वतंत्र नाहीत, म्हणून त्यांची सरळ बेरीज करणे तर्कदृष्ट्या सदोष आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

मूल्य : किमतीपलीकडचा हिशेब

तुलनेच्या कोष्टकात 'मूल्य' या शीर्षकाखाली बहुतेक वेळा दोनच आकडे असतात. एक, शोरूमबाहेरील किंमत व दुसरा, इंधनाचा खप. पहिला आकडा अपुरा असतो. त्यावर वाहनकर, विमा, नोंदणी आणि वितरकाने सुचविलेल्या जोडवस्तू यांची भर पडून गाडी रस्त्यावर येते. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर ११ टक्के, तर तेवढ्याच किमतीच्या डिझेल मोटारीवर १३ टक्के वाहनकर आकारला जातो, हा फरक कोष्टकात क्वचितच दिसतो. केंद्रीय कररचनाही तुलनेचा पाया हलविते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर १८ टक्के आणि मोठ्या मोटारींवरील ४० टक्के झाला. चार मीटरपर्यंतची लांबी आणि इंजिनाचे विशिष्ट आकारमान यांवर हा दर्जा ठरतो. साहजिकच दोन गाड्यांच्या किमतींतील अंतर नेहमी कंपनीच्या कार्यक्षमतेचे द्योतक असत नाही. पुष्कळदा ते केवळ कराच्या पायरीचे अंतर असते.

दुसरा आकडा अधिक फसवा आहे. 'अ‍ॅव्हरेज किती देते?' हा मराठी घरातील पहिला प्रश्न. त्याचे अधिकृत उत्तर ठरविणाऱ्या संस्थांमध्ये पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही प्रमुख होय. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेची चाचणी प्रयोगशाळेत, फिरत्या रुळांवर, ठरावीक वेगक्रमाने होते. दोन गाड्या एकाच मापाने मोजण्यासाठी ती उपयुक्त आहे, पण कात्रजचा घाट किंवा सिंहगड रस्त्यावरील संध्याकाळची कोंडी तिच्या वेगक्रमात नसते. मुळात तुलनेसाठी असलेला आकडा जाहिरातीत आश्वासन म्हणून वापरला जातो, हे या प्रकरणातील खरे दुखणे आहे.

या आकड्याला दिले जाणारे महत्त्व कितपत योग्य आहे, हे एका काल्पनिक उदाहरणावरून तपासता येईल. दहा लाख रुपयांच्या दोन गाड्या घ्याव्यात. एक लिटरमागे १८ किलोमीटर धावते, दुसरी २२. वर्षाचा प्रवास १२,००० किलोमीटर आणि हिशेबाच्या सोयीसाठी पेट्रोल १०० रुपये लिटर मानले, तर पहिलीला सुमारे ६६७ व दुसरीला सुमारे ५४५ लिटर इंधन लागेल. वार्षिक फरक साधारण १२,००० रुपयांचा, म्हणजे पाच वर्षांत सुमारे ६०,००० रुपयांचा. आता पाच वर्षांनी पहिलीला मूळ किमतीच्या निम्मे आणि दुसरीला ४० टक्केच पुनर्विक्री मूल्य मिळाले असे समजू. तेथे फरक एक लाखाचा पडतो आणि इंधनातील बचत धुऊन निघते. प्रवास वर्षाला ६,००० किलोमीटरच असेल, तर इंधनाचा फरक पाच वर्षांत ३०,००० रुपयांवरच थांबतो. गाडी तीच, किंमत तीच, परंतु वापरणारा बदलला की मूल्य बदलते. मूल्य हा गाडीचा गुणधर्म नसून गाडी, वापर आणि कालावधी यांच्यातील संबंध आहे. कोष्टकातील एकच एक गुणसंख्या हा संबंध पुसून टाकते.

गुणवत्ता : दिसणारी आणि न दिसणारी

व्यवस्थापनशास्त्रज्ञ डेव्हिड गार्व्हिन यांनी १९८० च्या दशकात वस्तूच्या गुणवत्तेची आठ अंगे मांडली. कामगिरी, वैशिष्ट्ये, विश्वासार्हता, विनिर्देशांशी अनुरूपता, टिकाऊपणा, दुरुस्तीसुलभता, सौंदर्य आणि ग्राहकाच्या मनातील प्रतिमा ही ती अंगे होत. मोटारींच्या लोकप्रिय परीक्षणांना ही यादी लावून पाहिली असता एक असमतोल ठळकपणे जाणवतो. परीक्षकाच्या हाती गाडी काही दिवसच असते, म्हणून कामगिरी, वैशिष्ट्ये आणि सौंदर्य यांवर त्याची लेखणी रेंगाळते. विश्वासार्हता आणि टिकाऊपणा यांविषयी त्याला स्वानुभवाने सांगण्यासारखे काहीच नसते. तेथे मग प्रतिमाच गुणवत्तेची जागा घेते. अमुक देशाची गाडी भक्कम, तमुक कंपनीची गाडी नाजूक, अशी विधाने पुराव्याऐवजी पुनरुक्तीने सिद्ध होतात.

ही उणीव भरून काढण्यासाठी बाजारसर्वेक्षणे पुढे आली. 'शंभर गाड्यांमागे किती तक्रारी' हे त्यांचे प्रसिद्ध मापक. त्यात शास्त्रीय शिस्त आहे, मात्र त्याच्या दोन मर्यादा ध्यानात घ्यायला हव्यात. पहिली अशी की, प्रारंभिक गुणवत्तेचे हे मापन मालकीच्या पहिल्या काही महिन्यांपुरतेच असते. दुसरी अशी की, त्यात तक्रारींची संख्या मोजली जाते, त्यांचे वजन नव्हे. भ्रमणध्वनी गाडीच्या यंत्रणेशी न जुळणे ही एक तक्रार आणि गिअरपेटी निकामी होणे हीही एकच तक्रार! एक चुटकीसरशी विसरली जाते, दुसरी कुटुंबाला महामार्गाच्या कडेला उभे करते.

गुणवत्तेला काळाचे परिमाण असते, याचे बोलके उदाहरण पुण्यात घडलेल्या इंडिकाचे आहे. १९९८ च्या अखेरीस सादर झालेल्या या गाडीविषयी प्रारंभी बऱ्याच तक्रारी आल्या. टाटा मोटर्सने (तत्कालीन टेल्कोने) त्यांवर काम करून २००१ मध्ये 'व्ही टू' ही सुधारित आवृत्ती आणली आणि तिचे चांगले स्वागत झाले. या गाडीचे गुणपत्रक १९९९ मध्ये मांडले असते तर एक निकाल लागला असता, २००२ मध्ये दुसरा. दोन्ही निकाल आपापल्या जागी खरे ठरले असते. परंतु पहिल्या निकालाची प्रतिमा मात्र दुसऱ्या निकालानंतरही दीर्घकाळ गाडीच्या मागे चालत राहते.

सुरक्षितता हे गुणवत्तेचे सर्वांत गंभीर अंग आहे आणि तेथेच बेरजेची पद्धत सर्वाधिक लंगडी पडते. भारतीय ग्राहकाची पारंपरिक कसोटी म्हणजे दार लोटून त्याचा आवाज ऐकणे आणि पत्रा वाजवून पाहणे. वस्तुतः अपघातात प्रवाशाचा जीव बाहेरच्या पत्र्याच्या जाडीपेक्षा सांगाड्याची रचना, आसनपट्टे आणि हवापिशव्या यांवर अवलंबून असतो. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एन.सी.ए.पी. या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान मोटारींच्या धडक-चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासलेल्या मूळ आवृत्त्यांपैकी एकीलाही प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी एकही तारांकन मिळाले नाही. त्या पाचांत देशी, जपानी, कोरियन, अमेरिकी आणि जर्मन अशा सर्व नाममुद्रा होत्या. राष्ट्रीयत्वावरून भक्कमपणा ठरविण्याच्या सवयीला यापेक्षा स्पष्ट उत्तर असू शकत नाही. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉन ही या चाचणीत पाच तारे मिळविणारी पहिली भारतीय बनावटीची मोटार ठरली. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एन.सी.ए.पी. ही स्वदेशी मूल्यांकन योजना लागू झाली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये, हलक्या गाड्यांची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मारुती सुझुकीच्या नव्या डिझायरला ग्लोबल एन.सी.ए.पी.च्या चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी पाच तारे मिळाले. एका दशकात नाममुद्रांविषयीची गृहीतके अशी उलटीपालटी झाली. तारांकन विशिष्ट गाडीच्या विशिष्ट आवृत्तीचे असते, कंपनीच्या नावाचे नव्हे, हा त्यातला धडा होय.

गुणपत्रकात सुरक्षिततेला दहापैकी तीन आणि सुखसोयींना दहापैकी नऊ गुण दिले की सरासरी सहा होते व गाडी उत्तीर्ण ठरते. म्हणजे उघडणाऱ्या छताने कमकुवत सांगाड्याची भरपाई केली असा त्याचा अर्थ होतो. ही भरपाई कागदावर शक्य आहे, रस्त्यावर नाही. सुरक्षितता हा बेरजेत मिळविण्याचा गुण नसून ओलांडावयाचा उंबरठा आहे.

वितरकसेवा : विश्वासाची वस्तू

अर्थशास्त्रात वस्तूंचे तीन प्रकार मानले जातात. काही वस्तूंचा दर्जा खरेदीपूर्वी पाहून कळतो, काहींचा वापरल्यावर कळतो, तर काहींचा वापरल्यानंतरही नीटसा कळत नाही. या तिसऱ्या प्रकाराचे विवेचन मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी १९७३ मध्ये केले, तेव्हा त्यांच्यापुढे मोटारदुरुस्तीचेच उदाहरण होते. वर्कशॉपमध्ये 'ब्रेक पॅड बदलावे लागतील' असे सांगितले जाते तेव्हा ते खरोखर झिजले होते काय, हे सामान्य ग्राहकाला बदलल्यानंतरही समजत नाही. निदान करणारा आणि त्या निदानातून कमाई करणारा एकच असतो.

हे लक्षात घेतले म्हणजे सेवेच्या समाधान-सर्वेक्षणांची मर्यादा उघड होते. सेवेची गुणवत्ता मोजण्यासाठी पॅरासुरामन, झाइथामल आणि बेरी यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेल्या प्रतिमानात भौतिक सुविधा, विश्वासार्हता, तत्परता, आश्वस्तता आणि सहानुभूती अशी पाच परिमाणे आहेत. वातानुकूलित प्रतीक्षाकक्ष, चहा, वेळेवर आलेला दूरध्वनी, धुऊन-पुसून परत मिळालेली गाडी, हे सारे ग्राहकाला दिसते व त्याचे गुण तो प्रामाणिकपणे देतो. मात्र जॉब कार्डावरील कोणते काम आवश्यक होते आणि कोणते अनावश्यक, याचे गुण तो देऊ शकत नाही. शिवाय कर्मचाऱ्यांचे मूल्यमापन या गुणांशी जोडलेले असले, की 'फोन आला तर पूर्ण गुण द्या' अशी विनवणी गाडी परत देतानाच सुरू होते. मग सर्वेक्षणातून सेवेपेक्षा ग्राहकाच्या भिडस्तपणाचेच मापन अधिक होते.

सेवेतील स्पर्धेचा प्रश्न यापेक्षाही मूलगामी आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटारकंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मूळ सुटे भाग आणि दोषनिदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना सहजी उपलब्ध होऊ न देणे हा आक्षेपाचा गाभा होता. या आदेशाविरुद्ध कंपन्यांनी दाद मागितली, परंतु आदेशाने अधोरेखित केलेले वास्तव निकालावर अवलंबून नाही. ग्राहक गाडी घेताना अनेक कंपन्यांमधून एक निवडतो, पण गाडी घेतल्यानंतर त्या गाडीच्या सुट्या भागांपुरता तो त्याच कंपनीचा बंदी होतो. खरेदीच्या दिवशीची स्पर्धा दुरुस्तीच्या दिवशी उरत नाही. तरीही तुलनेच्या कोष्टकात सुट्या भागांच्या किमतींना स्थान नसते.

आणखी एक गोष्ट दुर्लक्षिली जाते. सेवा देणारा वितरक हा बहुधा स्वतंत्र व्यावसायिक असतो. एकाच कंपनीचे दोन वितरक एकाच शहरात दोन टोकांचा अनुभव देऊ शकतात. पुण्यात एका नाममुद्रेची अनेक सेवाकेंद्रे असतील, पण गडचिरोलीच्या वा सिंधुदुर्गाच्या आतल्या तालुक्यातील ग्राहकाला त्याच नाममुद्रेसाठी दुसरा जिल्हा गाठावा लागत असेल, तर त्याच्यापुरती ती सेवा जवळजवळ अस्तित्वातच नाही. राष्ट्रीय पातळीवरील सेवेचा सरासरी गुणांक त्याच्या उपयोगाचा नसतो.

बाजाराने केलेले दोन प्रयोग

मूल्य, गुणवत्ता आणि सेवा एकमेकांत किती गुंतलेली आहेत, हे दाखविणारे दोन प्रयोग बाजारानेच घडवून आणले आहेत.

पहिला प्रयोग फियाटच्या १.३ लिटर डिझेल इंजिनाचा. हे १,२४८ घनसेंटिमीटरचे इंजिन फियाटच्या पुंटो व लिनिया, टाटांच्या इंडिका व्हिस्टा आणि मारुतीच्या स्विफ्ट अशा तीन नाममुद्रांखाली धावले. स्विफ्टमध्ये ते लोकप्रियतेच्या शिखरावर पोहोचले. ज्या कंपनीच्या घरात ते जन्मले, तिच्या गाड्या मात्र पुण्याजवळ रांजणगावला तयार होऊनही ग्राहकाच्या मनात पाय रोवू शकल्या नाहीत. काही वर्षे त्या टाटांच्या वितरकांमार्फत विकल्या गेल्या, नंतर फियाटने स्वतंत्र जाळे उभारण्याचा प्रयत्न केला आणि एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ मानके लागू होण्यापूर्वीच त्या बाजारातून गेल्या. गाड्यांचे वजन, आकार व किंमत भिन्न असल्याने हा प्रयोग संपूर्णपणे निर्भेळ नाही. तरीही 'उत्तम इंजिन म्हणजे उत्तम खरेदी' हे समीकरण त्याने मोडीत काढले. सेवेचे जाळे विरळ असेल तर यंत्राची गुणवत्ता ग्राहकाच्या दारापर्यंत पोहोचतच नाही.

दुसरा प्रयोग अधिक काटेकोर आहे. सुझुकी आणि टोयोटा यांच्यातील करारानुसार जून २०१९ मध्ये बलेनो हीच गाडी 'ग्लान्झा' या नावाने टोयोटाच्या शोरूममध्ये आली. ती सुझुकीच्या गुजरातमधील कारखान्यातच तयार होत होती. येथे गाडीची गुणवत्ता जवळजवळ स्थिर राहिली, बदलले ते नाव, हमी आणि वितरक. त्या वेळी मारुतीची मूळ हमी दोन वर्षे किंवा ४०,००० किलोमीटर, तर टोयोटाची तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर होती. मारुतीने आपली हमी तीन वर्षे व एक लाख किलोमीटरपर्यंत वाढविली ती जुलै २०२४ मध्ये. एकाच कारखान्यातील एकाच गाडीवर दोन वेगळ्या मुदतींची हमी मिळते, याचा अर्थ हमी ही केवळ यंत्राच्या टिकाऊपणाची ग्वाही नसून व्यापारी धोरणही असते. अधिक हमी असूनही बलेनोचीच विक्री मोठी राहिली, यावरून जवळच्या सेवाकेंद्राचे आणि परिचित नावाचे मोल ग्राहक कसे करतो, याचीही कल्पना येते.

रकान्यात न मावणारी जोखीम

या तिन्ही रकान्यांत न बसणारी एक जोखीम आहे, ती म्हणजे कंपनीच बाजारातून जाण्याची. कोरियातील देवू समूह १९९९ मध्ये कोसळला आणि काही वर्षांतच तिच्या भारतातील मोटारींचे उत्पादनही थांबले. मॅटिझ ही परीक्षकांनी वाखाणलेली गाडी होती, पण परीक्षणात त्या कोसळण्याला रकाना नव्हता. जनरल मोटर्सने मे २०१७ मध्ये भारतातील विक्री वर्षअखेर थांबविण्याची घोषणा केली. तिचा तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी २०२० पर्यंत चालला आणि २०२३ मध्ये तो घेण्याचा करार ह्युंदाईने केला. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डनेही देशातील उत्पादन गुंडाळण्याचा निर्णय जाहीर केला. सेवा चालू ठेवण्याची आश्वासने दिली जातात व काही अंशी पाळलीही जातात, परंतु पुनर्विक्री मूल्याला घोषणेच्या दिवशीच उतरती कळा लागते. त्या दिवशी मूल्य, गुणवत्ता आणि सेवा हे तीन वेगळे रकाने नव्हते, हे मालकाला उमगते. गाडी कालच्याइतकीच चांगली असते, केवळ तिच्या पाठीशी उभे राहणारे नाव नाहीसे झालेले असते.

आक्षेप आणि उत्तर

या चिकित्सेवर एक रास्त आक्षेप घेता येईल. ग्राहकाला वेळ नसतो, त्याला सोपे उत्तर हवे असते आणि गुणपत्रक ते देते. शिवाय तुलनात्मक परीक्षणांमुळेच कंपन्यांवर दबाव आला. तारांकनांचा बोलबाला झाला नसता, तर सुरक्षितता जाहिरातीचा विषय झाली असती काय? या आक्षेपात तथ्य आहे. १९७० च्या दशकात महाराष्ट्रात रुजलेल्या ग्राहक पंचायतीच्या चळवळीनेही माहिती हेच ग्राहकाचे पहिले शस्त्र मानले. म्हणून तुलना टाकून देणे हा उपाय नाही. तिचा क्रम बदलणे हा उपाय आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. सुरक्षितता हा प्राथमिक उंबरठा मानावा. जी आवृत्ती तो ओलांडत नाही, ती किमतीच्या वा सुखसोयींच्या जोरावर तुलनेत परत येऊ नये.

२. मूल्य हे खरेदीच्या दिवशीच्या किमतीऐवजी ग्राहकाच्या वापरानुसार पाच ते आठ वर्षांच्या एकूण खर्चावर मोजावे. त्यात इंधन, विमा, देखभाल, प्रमुख सुट्या भागांच्या किमती आणि पुनर्विक्री मूल्य यांचा समावेश असावा.

३. गुणवत्तेच्या तक्रारी मोजताना त्यांच्या संख्येबरोबर गांभीर्यही विचारात घ्यावे आणि मूल्यांकनाचे वर्ष स्पष्ट नोंदवावे.

४. सेवेची तुलना नाममुद्रांमध्ये न करता ग्राहकाच्या आवाक्यातील प्रत्यक्ष वितरकांमध्ये करावी. सेवाकेंद्राचे अंतर, सुटा भाग मिळण्यास लागणारे दिवस आणि बाहेरच्या गॅरेजमध्ये दुरुस्तीची शक्यता या तीन साध्या गोष्टी कोणत्याही समाधान-गुणांकापेक्षा अधिक बोलक्या आहेत.

५. तिन्ही निकषांची सरळ बेरीज करू नये. सेवा नसेल तर गुणवत्ता टिकत नाही आणि गुणवत्ता टिकली नाही तर मूल्य उरत नाही. हे नाते बेरजेचे नसून गुणाकाराचे आहे. एक घटक शून्यावर आला की फलित शून्यच येते.

या पद्धतीने केलेल्या तुलनेतून सर्व देशासाठी एक विजेता हाती लागणार नाही. नाशिकच्या नोकरदाराला एक गाडी योग्य ठरेल, अहेरीच्या शिक्षकाला दुसरी. मात्र त्या दोघांपैकी प्रत्येकाला स्वतःच्या प्रश्नाचे उत्तर मिळेल, आणि ग्राहकाच्या दृष्टीने तुलनेचे प्रयोजन तेवढेच आहे.